टाकळ्याचं बी उगवतच नाही : दोष कुठे शोधायचा?

दर जूनला ही तक्रार ठरलेली. बी ताजं होतं, माती भुसभुशीत होती, पाऊसही वेळेवर आला, तरी कुंडीत काही हाललं नाही. आणि त्याच आठवड्यात कंपाउंडच्या बाहेर, जिथे कुणी काही पेरलं नाही की खुरपलं नाही, तिथे टाकळा दाटीवाटीनं वर आलेला असतो. कुंडीतलं बीसुद्धा पुष्कळदा त्याच झाडांवरून काढलेलं. मग लोक माती बदलतात, कोकोपीट आणतात, जीवामृत घालतात, आणि पुढच्या जूनला तीच तक्रार पुन्हा.

टाकळा ही पावसातली रानभाजी, म्हणजे विदर्भातला तरोटा, गोव्यातला तायकिळो. शास्त्रीय नाव सेना टोरा, जुन्या पुस्तकांत कॅसिया टोरा. पावसाबरोबर उगवतो, श्रावण-भाद्रपदात पिवळा फुलतो, थंडीत शेंगा वाळवून मरतो. एका वर्षाचा खेळ. पुढच्या वर्षीचं सगळं बियांवर अवलंबून असल्यामुळे हे झाड बियांच्या बाबतीत कमालीचं सावध आहे, आणि आपली सगळी अडचण त्या सावधपणातून येते.

बहुतेक कुंड्यांमध्ये बी मेलेलं नसतं. त्याच्या आत पाणीच शिरलेलं नसतं. खत, माती, मुहूर्त यांच्या मागे लागण्याआधी एवढं एक तपासा.

आधी रात्रभर भिजवून बघा

वीसेक दाणे वाटीत घ्या, साधं पाणी घाला, रात्रभर ठेवा. सकाळी पाणी ओतून दाणे पांढऱ्या कापडावर पसरा. दोन जाती लगेच वेगळ्या दिसतील. काही दाणे फुगून जवळपास दुप्पट झालेले, चकाकी गेलेली, साल सैल पडलेली. बोटांत धरले तर बुळबुळीत लागतात, कारण टाकळ्याच्या बियांत डिंक भरपूर असतो. बाकीचे काल होते तसेच: तपकिरी, तकतकीत, कोनेदार, वाटीत टाकले तर खडा पडल्यासारखा आवाज करणारे.

मटकी भिजवताना तळाशी जे गणंग उरतात, ते हेच. मटकीत चार-दोन असतात, म्हणून निवडून फेकतो. टाकळ्याच्या ताज्या, नीट वाळलेल्या बियांत बहुतेक सगळे गणंगच असतात. मटकी माणसानं हजारो वर्षं पेरून-निवडून ताळ्यावर आणली. टाकळ्याला कुणी निवडलेलं नाही.

आता निदान सोपं आहे. दाणे फुगले नाहीत, तर साल बंद आहे आणि ती उघडायला हवी. दाणे फुगले पण चार-पाच दिवसांत कोंब आला नाही, उलट वास यायला लागला, तर बी मेलेलं आहे, त्याला कुठलाही उपाय चालणार नाही. दाणे फुगले, मोड आले, पण कुंडीत रोप दिसलं नाही, तर मात्र माती आणि पाणी बघायचं.

साल बंद का असते

टाकळ्याच्या बियांच्या सालीत खांबासारख्या उभ्या, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींचा थर असतो. शेंग हिरवी असेपर्यंत हा थर पाणी जाऊ देतो. बी वाळत जातं, आतला ओलावा एका पातळीच्या खाली जातो आणि थर सीलबंद होतो. म्हणूनच अर्धवट हिरव्या शेंगेतलं बी कधीकधी लगेच उगवतं आणि झाडावर खडखडीत वाळलेलं, दिसायला सरस असलेलं बी ढिम्म राहतं. चांगलं पिकलेलं बी म्हणून आपण नेमकं सर्वांत हट्टी बी निवडून आणतो.

ही साल उघडतेही ठरलेल्या जागीच. शेंगवर्गातल्या अनेक बियांवर नाभीच्या, म्हणजे बी शेंगेला चिकटलेलं असतं त्या खुणेच्या, जवळ एक बारीक उंचवटा असतो, त्याला लेन्स म्हणतात. दिवसा तापणं, रात्री गार होणं असं आठवड्यांमागून आठवडे झालं की ती जागा सैल पडते आणि तिथून पाणी आत शिरतं. एप्रिल-मे महिन्यांत उघड्या रानात जमिनीचा वरचा थर दुपारी ५० अंशांच्याही पुढे तापतो आणि पहाटे बराच खाली येतो. हे सगळा उन्हाळाभर चालतं. मृगाचा पाऊस पडतो तोपर्यंत काही बिया उघडून तयार असतात.

काही. सगळ्या नाही. उरलेल्या पुढच्या उन्हाळ्याला किंवा त्याच्याही पुढच्या. पाऊस पडून मध्येच महिनाभर दडी मारून बसला, तर त्या वर्षी उगवलेली सगळी रोपं करपतील, पण मातीत शिल्लक असेल. नोव्हेंबरातल्या नाहीतर मार्चमधल्या अवकाळीतही हेच बी गप्प बसतं. हरभऱ्याला ओल मिळाली की तो उगवणारच. टाकळ्याला उन्हाळा पार केल्याशिवाय ओल कळतच नाही.

आणि किती वर्षं गप्प बसू शकतं? पॅरिसच्या संग्रहालयातल्या जुन्या बिया पॉल बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञानं तपासल्या होत्या. त्यांतलं १७७६ साली गोळा केलेलं एक बी १९३४ मध्ये, म्हणजे १५८ वर्षांनी उगवलं. ते टाकळ्याच्याच सेना प्रजातीतल्या एका झाडाचं होतं. तेव्हा तीन वर्षांपूर्वीची पुडी सापडली तर फेकू नका, भिजवून बघा.

फ्रिजचा उपाय

इंटरनेटवर बी उगवत नाही असं शोधलं की पहिलं उत्तर येतं: ओल्या टिश्यूत गुंडाळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवा. थंड देशांतल्या झाडांसाठी हे बरोबर आहे. सफरचंदाच्या बीला हिवाळा सोसल्याशिवाय जाग येत नाही, कारण तिथे अडथळा गर्भात असतो आणि थंडी-ओलाव्यानं तो सुटतो. टाकळ्याचा गर्भ तयारच असतो, दार बंद असतं. फ्रिजमध्ये ठेवल्यानं ते दार उघडत नाही. उलट ज्या तापण्या-निवण्यानं ते उघडलं असतं, तेच आपण काढून घेतो. डब्यात, कपाटात, एसीच्या खोलीत जपून ठेवलेल्या बियांचं तेच होतं. फार काळजीनं ठेवलेलं बी जूनमध्ये सर्वांत कमी उगवतं.

बियांच्या या सुप्तावस्थेचे प्रकार वेगवेगळे आहेत. केंटकी विद्यापीठातल्या कॅरल आणि जेरी बास्किन या दांपत्यानं २००४ साली त्यांचे पाच वर्ग मांडले, निकोलाएव्हा या रशियन शास्त्रज्ञ बाईंच्या आधीच्या कामावरून. टाकळा त्यांतल्या फक्त सालीच्या अडथळ्याच्या वर्गातला. हे इथे सांगायचं कारण इतकंच, की एका झाडाचा उपाय दुसऱ्याला चालेलच असं नाही. खालचा गरम पाण्याचा उपाय कुर्डूच्या बियांवर केलात तर ते बी शिजेल.

साल उघडायचे मार्ग

*उन्हाळा द्यायचा.* माझं मत विचाराल तर हाच पहिला, कारण यात करायचं काही नसतं. डिसेंबरात काढलेलं बी मार्चअखेर पसरट कुंडीत किंवा मातीच्या परळात घाला, वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी माती पसरा आणि गच्चीवर जिथे दिवसभर ऊन आणि रात्री मोकळी हवा मिळते तिथे ठेवा. वर जाळी टाका, नाहीतर चिमण्या-खारी उकरतात. पाणी अजिबात घालू नका. शेडनेटखाली ठेवलंत तर तापणार नाही आणि सगळं मुसळ केरात. मेमध्ये वळीव पडला तर काही रोपं लगेच डोकं वर काढतील. त्यांना पुढे पाणी द्या नाहीतर जाऊ द्या, मागे बरीच शिल्लक असतात. सगळं बी या पद्धतीनं उघडत नाही, पण भाजीपुरतं उघडतं, आणि राहिलेलं त्याच कुंडीत पुढच्या वर्षासाठी पडून राहतं.

*घासायचं.* जूनच आला असेल आणि उन्हाळा हुकला असेल, तर हार्डवेअरच्या दुकानातला पॉलिश पेपर आणा. एक तुकडा खाली, त्यावर दाणे, वरून दुसरा तुकडा उलटा, आणि तळव्यानं दाबून गोल फिरवा. चकाकी जाऊन सालीवर फिकट ओरखडे दिसले की थांबा. साल पूर्ण सोलायची नाही, पाण्याला वाट झाली की झालं. दहा-बाराच दाणे असतील तर नेलकटरनं एकेकाला टवका काढता येतो. मात्र बी शेंगेला ज्या टोकाला चिकटलेलं असतं त्या टोकाला हात लावू नका, आतलं मूळ तिथेच असतं. पलीकडच्या टोकाला किंवा कडेला बारीक टवका पुरतो. मग रात्रभर भिजवा. नीट टवका काढलेले दाणे सकाळी फुगलेले मिळतात. जो फुगला नाही त्याला पुन्हा घासा.

*गरम पाणी.* दाणे जास्त असतील तर हे बरं. पाणी उकळा, गॅस बंद करा, मिनिट-दोन मिनिटं थांबा आणि मग दाण्यांवर ओता. दाण्यांच्या पाच-सहापट पाणी असू द्या, आणि ते आपोआप निवेपर्यंत, म्हणजे रात्रभर, तसंच ठेवा. गॅसवर ठेवून उकळलंत तर बी मरतं, आणि हीच चूक सर्वांत जास्त होते. पहिल्यांदा करताना थोड्याच दाण्यांवर करून बघा. फुगले आणि मोडही आले, तरच बाकीचे.

प्रयोगशाळेत यासाठी सल्फ्युरिक ॲसिड वापरतात. घरी त्याच्या वाटेला जाऊ नका. पॉलिश पेपरचा तुकडा तेच काम करतो.

यातला कुठलाही उपाय केला की त्या दाण्यांचा मार्ग एकतर्फी होतो. एकदा उघडलेली साल परत बंद होत नाही. फुगलेलं बी वाळवून ठेवायचं आणि पुढच्या महिन्यात पेरायचं, हे चालत नाही. पेरायचं तेवढंच उघडा.

फुगलं, पण कुजलं

दाण्याला गोल भोक आहे का बघा. भुंगेरा आत खाऊन बाहेर पडलेला असतो. असे दाणे पाण्यात सर्वांआधी फुगतात, म्हणून माणूस खूश होतो, आणि दोन दिवसांत त्यांचा चिखल होतो. दुसरं कारण, बी कुठून आणलं. आयुर्वेदिक काष्ठौषधींच्या दुकानात चक्रमर्दाचं, म्हणजे टाकळ्याचंच, बी मिळतं, पण ते औषधासाठी असतं, कधीकधी भाजलेलंही असतं. टाकळ्याचं बी भाजून कॉफीत मिसळण्याची रीत जुनी आहे. भाजलेलं बी पाणी पिईल, फुगेल, पण उगवणार नाही. पेरायला झाडावरचंच बी घ्या.

मोड आले, रोप नाही

हे पटकन आटोपतो. बी फार खोल गेलं असेल, किंवा वरची माती चिकण असून पावसानं तिची पापडी झाली असेल. बोटाच्या अर्ध्या पेराएवढी खोली बस. नुसत्या कोकोपीटची कुंडी सतत चिंब राहते आणि रोप बुडाशी काळं पडून आडवं होतं. अशा वेळी पाणी कमी करा, निचरा सुधारा, रोपं विरळ करा. शेंगवर्गातलं झाड म्हणून बियांना रायझोबियम (शेंगवर्गातल्या झाडांच्या मुळांवर गाठी धरणारे जिवाणू) चोळायचा सल्ला कुणी दिला तर ते पाकीट वाचवा. टाकळ्याच्या मुळांवर गाठी धरतच नाहीत.

उगवलं, पण वीतभर होऊन फुललं

पेरणी उशिरा झाली. दिवस लहान होऊ लागले की टाकळा फुलाकडे वळतो. तो किती वाढलाय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. ऑगस्टअखेर पेरलेल्या रोपाला चार पानं येतात आणि लगेच कळ्या. भाजी हवी असेल तर जूनमध्येच उगवायला हवं. कोवळी पानं खुडायचे दिवस तसेही मोजकेच; आषाढ संपता संपता पानं निबर होतात आणि उग्र वास येतो. गुरं तोंड लावत नाहीत ती त्याच वासामुळे. फणसाच्या आठळ्या घालून केलेली टाकळ्याची भाजी कोकण-गोव्यात पावसाच्या सुरुवातीलाच का होते, ते यावरून कळेल.

उगवलं, पण हा टाकळा नव्हे

हे भाजीपेक्षा महत्त्वाचं. कासविंदा, ज्याला काही भागांत रानटाकळाही म्हणतात, त्याच प्रजातीतला आहे, त्याच गटाराच्या काठी उगवतो आणि त्याचंही बी तितकंच हट्टी असतं. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या (एका पानातल्या लहान पानांच्या) साधारण तीन जोड्या, पर्णिका टोकाशी गोल आणि रुंद, संध्याकाळी मिटतात. कासविंद्याच्या पर्णिका जास्त आणि टोकदार. टाकळ्याची शेंग बारीक, वीतभर लांब, वाकडी. कासविंद्याची चपटी, आखूड, कडांना फिकट पट्टी असलेली. कासविंद्याचं बी विषारी आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात दर थंडीच्या तोंडाला लहान मुलं एका गूढ आजारानं दगावत होती. मेंदूज्वर समजल्या गेलेल्या त्या आजाराचा संबंध २००७ च्या सुमारास डॉक्टरांनी कासविंद्याच्या शेंगा खाण्याशी जोडून दाखवला. ओळख पटली नसेल तर भाजी करू नका आणि मुलांच्या हाती शेंगा पडू देऊ नका.

बाकीच्या रानभाज्या

कुर्डूही वर्षायु, पण त्याचं बारीक काळं चकचकीत बी बघून फसू नका. चकाकी आहे, सालीला कुलूप नाही. ते घासू नका, गरम पाण्यात तर मुळीच नको. ओल्या मातीवर नुसतं भुरभुरवा आणि हातानं दाबा, पुरू नका. कवला शेंगवर्गातला आहे, त्याला वाटीतली परीक्षा आधी लावा आणि मगच पॉलिश पेपर. कंटोळी आणि शेवळं यांचा इथे संबंध नाही. ती कंदातून दरवर्षी फुटतात, कंद लावा.

उलटी तक्रार

शेतकऱ्याचा प्रश्न नेमका उलटा असतो: तीन वर्षं खुरपतोय, तरोटा संपत नाही. कारण तेच. यंदा खुरपला तो यंदा उघडलेल्या बियांचा हिस्सा. खाली मागच्या कित्येक वर्षांची शिल्लक आहे, आणि नांगरट केली की खोल गेलेलं बी उन्हाच्या आवाक्यात येतं. एका खुरपणीनं हे मिटत नाही. शेंग धरायच्या आत, म्हणजे फुलावर असतानाच, उपटायचा, बांधावरचाही. बांध सोडला तर शेत पुन्हा भरतं. नवी भर थांबली की शिल्लक हळूहळू कमी होते, पण काही वर्षं जातात.

याच हट्टाचा उपयोगही केला जातो. गाजरगवताला ओल मिळाली की ते वर्षाच्या कुठल्याही महिन्यात उगवतं. ते दडपण्यासाठी पडीक जागेत टाकळा वाढवायचा सल्ला जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडून दिला जातो: ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी गोळा करा, एप्रिल-मेमध्ये गाजरगवताच्या जागी फेका. जूनमध्ये पेरा असं न सांगता पावसाआधी फेकायला का सांगतात, ते आता वेगळं समजवायला नको. मात्र हे रस्त्याकडेच्या पडीक जागेपुरतंच ठेवा. सड्यांवर, पठारांवर जिथे इतर रानफुलं आहेत तिथे टाकळ्याचं बी फेकू नका.

परदेशातल्यांपैकी ऑस्ट्रेलियातल्यांसाठी एक सूचना. क्वीन्सलंडमध्ये टाकळा आणि त्याचा जुळा भाऊ शोभेल असा सेना ऑब्ट्युसिफोलिया, दोन्ही निर्बंध असलेल्या तणांच्या यादीत आहेत. आईनं पुडी बांधून दिली तरी बी सामानात घेऊ नका.

पुढच्या वर्षाचं बी हवं असेल तर शेंगा पिवळट-तपकिरी झाल्या की, तडकायच्या आधी, कापडी पिशवीत काढा. सूपभर बी लागत नाही, एका झाडाला भरपूर निघतं. भोकं पडलेले दाणे निवडून टाका. कागदी पुडीत ठेवा, पुडीवर वर्ष लिहा, आणि मार्चअखेर गच्चीवर न्यायची आठवण फोनमध्ये लावून ठेवा.